प्रस्तावना: दाबाखालचे इलेक्ट्रॉन

पनवेलच्या परिसरात दगडखाणी आणि खडीचे क्रशर पुष्कळ आहेत. क्रशरखाली साचलेली मूठभर काळी कच कागदावर पसरावी आणि कागदाखालून चुंबक फिरवावा. काही कण ताठ उभे राहतात आणि चुंबकामागे सरकू लागतात. हे मॅग्नेटाइटचे कण, बहुतेक वेळा टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजला, तेव्हा ते बेसॉल्टच्या पोटात तयार झाले. पनवेलहून दिसणाऱ्या माथेरानच्या माथ्यावर मात्र माती तांबडीलाल आहे. त्याच बेसॉल्टची ऊनपावसाने झीज होऊन तिथे जांभा तयार झाला आणि लोहाचा बराच भाग हेमॅटाइटसारख्या ऑक्साइडांत गेला. शुद्ध रूपात पाहिले तर मॅग्नेटाइट आणि हेमॅटाइट या दोघांतही लोह आणि ऑक्सिजन यांखेरीज काहीच नाही. तरी एक काळे आणि दुसरे लाल. एकातून वीज बऱ्यापैकी वाहते, दुसऱ्यातून ती कोट्यवधी पटींनी कमी वाहते.

हा फरक इलेक्ट्रॉनांच्या वागण्यातून येतो. मॅग्नेटाइटमध्ये दर तीन लोह-अणूंपैकी दोघांनी तीन-तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात आणि एकाने दोनच. तो जास्तीचा इलेक्ट्रॉन नेहमीच्या तापमानाला एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारत राहतो, म्हणून वीज वाहते आणि जवळजवळ सगळा प्रकाश शोषला जातो. हेमॅटाइटमध्ये प्रत्येक लोह-अणूने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. उरलेले आपापल्या अणूला धरून बसतात. निळा-हिरवा प्रकाश शोषला जातो, लाल परत येतो. कोकणातल्या घरांच्या जांभ्याचा आणि गोव्यातल्या खनिजाचा लाल रंग इथूनच येतो.

प्रश्न असा, की हे इलेक्ट्रॉन कायमचे तसेच बसून राहतील का? रसायन तेच ठेवून, एकही परका अणू न मिसळता, त्यांचे वागणे बदलता येईल का? येते, आणि त्यासाठी लागतो दाब. लोह, निकेल, मँगनीज, व्हॅनेडियम, टायटॅनियम, झिर्कोनियम या संक्रमण धातूंवर आणि त्यांच्या संयुगांवर प्रचंड दाब दिला असता अणूंची मांडणी आणि इलेक्ट्रॉनांचे वर्तन कसे बदलते, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकभर एक विचार सतत पुढे येईल, तो इथेच सांगून टाकतो. मांडणी आणि इलेक्ट्रॉन यांचा अभ्यास वेगवेगळा करता येत नाही. अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनांचा हिशोब बदलतो, आणि इलेक्ट्रॉनांचा हिशोब बदलला की अणूंना जुनी जागा सोडावी लागते. आधी कोण सरकले, हे शोधणे हाच या शास्त्राचा खरा गाभा आहे.

दाबाची मोजदाद आपण गिगापास्कलमध्ये करू. एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांइतका दाब. महासागराच्या सर्वांत खोल तळाशी तो सुमारे ०.११ गिगापास्कल असतो. जमिनीखाली सुमारे ३५ किलोमीटरवर तो १ गिगापास्कल होतो, प्रावरणाच्या तळाशी, म्हणजे २,९०० किलोमीटरवर, सुमारे १३६, आणि पृथ्वीच्या केंद्रात ३६० च्या घरात. भूविज्ञानाच्या ग्रंथांत पनवेलचे नाव ‘पनवेल फ्लेक्शर’ या रचनेमुळे पक्के झाले आहे. सह्याद्रीत जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर कोकणात उतरताना समुद्राकडे कलतात, आणि हा कल किनाऱ्याला समांतर दूरवर दिसतो. एवढे मोठे थर वाकले, तुटले, सरकले. पण त्यांतल्या मॅग्नेटाइटच्या कणात अणूंची मांडणी तीच राहिली. कवचाच्या वरच्या काही किलोमीटरांतला दाब खडक वाकवायला पुरतो, इलेक्ट्रॉनांची बैठक मोडायला पुरत नाही. त्यासाठी दहापट, शंभरपट वर जावे लागते.

का, ते साध्या गुणाकारात दिसते. १०० गिगापास्कल दाबाखाली एका अणूचे आकारमान एका घन अँगस्ट्रॉमने कमी झाले, तर खर्ची पडलेली ऊर्जा ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास भरते. आकारमान चार-पाच घन अँगस्ट्रॉमने घटले की हा आकडा रासायनिक बंधाच्या ऊर्जेला गाठतो. म्हणजे या पातळीवर दाब रसायनाच्या तोडीस तोड उभा राहतो. तापमान वाढवले तर अणू थरथरतात आणि सगळे चित्र धूसर होते. परका अणू मिसळला तर अंतराबरोबर अव्यवस्थाही येते, आणि बदल कशामुळे झाला ते नेमके सांगता येत नाही. दाब फक्त अंतर कमी करतो. म्हणूनच सिद्धान्त पारखायला दाबाइतकी स्वच्छ कसोटी दुसरी नाही.

संक्रमण धातूंनाच एवढे महत्त्व का, तेही सांगायला हवे. या मूलद्रव्यांत डी-कक्षिका अर्धवट भरलेल्या असतात. हे इलेक्ट्रॉन धड आतलेही नाहीत आणि धड बाहेरचेही नाहीत. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्या स्फटिकभर मोकळा फिरतो. लोहाच्या किंवा निकेलच्या संयुगात डी-इलेक्ट्रॉन कधी आपल्या अणूपाशी थांबतो, कधी शेजाऱ्यांत मिसळतो. १९३७ साली ब्रिस्टलच्या परिषदेत डी बोअर आणि व्हेर्वे यांनी निकेल ऑक्साइडचे कोडे मांडले. त्या वेळच्या पट्टसिद्धान्ताप्रमाणे हे संयुग धातूसारखे वीजवाहक असायला हवे. प्रत्यक्षात ते पक्के विसंवाहक आहे. रुडॉल्फ पायर्ल्स आणि नेव्हिल मॉट यांनी कारण ओळखले: इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर सारतात, आणि पट्टसिद्धान्ताने ते पुरेसे हिशोबात धरलेले नाही. मॉट यांनी पुढे या विचाराला आकार दिला. १९७७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

एखाद्या चाळीत प्रत्येक खोलीत एकेक भाडेकरू आहे असे धरा. कुणाला शेजारच्या खोलीत जायचे झाले तर तिथे आधीच एक जण राहतो, आणि एका खोलीत दोघे आले की भांडण ठरलेले. भांडणाची किंमत मोठी आणि दारे अरुंद असली तर कुणीच जागचा हलत नाही. खोल्या भरलेल्या असूनही ये-जा बंद. निकेल ऑक्साइडची स्थिती अशी आहे. दाब खोल्या जवळ आणतो आणि दारे रुंद करतो. ये-जा करण्यातला फायदा भांडणाच्या किमतीपेक्षा वाढला, की विसंवाहकाचा धातू होतो. मॉट संक्रमण म्हणतात ते हेच. या दोन ऊर्जांची तुलना जॉन हबर्ड यांनी १९६३ साली गणितात बसवली, आणि आजही हा विषय त्याच तुलनेभोवती फिरतो.

दुसरी झुंज एकाच अणूच्या आत चालते. ऑक्सिजनच्या सहा अणूंनी वेढलेल्या लोहाच्या पाच डी-कक्षिका एका पातळीवर राहत नाहीत. तीन खाली जातात, दोन वर. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाकडे सहा डी-इलेक्ट्रॉन उरतात. वर-खालचे अंतर लहान असेल तर ते पाचही कक्षिकांत पसरतात, चार इलेक्ट्रॉन एकटे राहतात आणि अणू ठळकपणे चुंबकीय असतो. अंतर मोठे झाले तर सहाही जण खालच्या तिन्हींत जोड्या करून बसतात आणि अणूचे चुंबकत्व संपते. हे अंतर बंधाच्या लांबीवर फार तीव्रतेने अवलंबून असते: बंध २ टक्क्यांनी आखडला की ते साधारण १० टक्क्यांनी वाढते. शिवाय जोड्या झालेला लोह-आयन लहान असतो. त्याची त्रिज्या ०.७८ अँगस्ट्रॉमवरून ०.६१ वर येते. दाबाला लहान आकार हवाच असतो. मांडणी आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना कसे पुढे ढकलतात, त्याचे यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

आता साधनाकडे येऊ. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी आयुष्यभर दाबाची यंत्रे बांधली, १० गिगापास्कलपर्यंत मजल मारली, आणि १९४६ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. त्यांची यंत्रे मोठी होती आणि आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नसे. १९५८-५९ च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये व्हियर, लिपिनकॉट, व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि बंटिंग यांनी हिऱ्यांची ऐरण घडवली. शिकागोत जेमिसन आणि सहकाऱ्यांनीही त्याच काळात हिऱ्यांमधून क्ष-किरण पाठवले. ही ऐरण हाताच्या मुठीत मावते.

तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. दोन हिऱ्यांची टोके घासून सपाट केलेली असतात. सपाटीचा व्यास साधारण ०.३ मिलिमीटर. मध्ये पोलादाची किंवा ऱ्हेनियमची पातळ गॅस्केट, आणि तिच्या मधोमध ०.१ मिलिमीटरचे भोक. हे भोक म्हणजेच प्रयोगाची सगळी खोली. सूक्ष्मदर्शकाखाली, सुईच्या टोकावर उचलून, त्यात नमुन्याचा बारीक कण ठेवायचा, शेजारी माणकाचा त्याहूनही बारीक कण, आणि वरून मिथेनॉल-इथेनॉलचे चारास एक मिश्रण सोडायचे. नमुना इतका जाड नको की तो दोन्ही हिऱ्यांना टेकेल. टेकला तर दाब एकाच दिशेने पडतो आणि मापे फसतात. मग स्क्रू हळूहळू, आळीपाळीने, सारखे आवळायचे. एका प्रौढ माणसाच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे ७० किलोचे बल त्या सपाटीवर पडले की सरासरी दाब १० गिगापास्कल होतो. दाब किती झाला ते माणिक सांगते. लेसरच्या प्रकाशात ते ६९४ नॅनोमीटरजवळ लाल चमकते, आणि दर गिगापास्कलला ही रेषा सुमारे ०.३६ नॅनोमीटरने सरकते. हे मोजमाप १९७२ साली हाती आले आणि त्या दिवसापासून हा विषय जगभरच्या प्रयोगशाळांत पसरला.

हिरा पारदर्शक असल्यामुळे दाबाखालच्या कणावर क्ष-किरण टाकता येतात, लेसर टाकता येतो, रंग बदलताना पाहता येतो. बारीक तारा आत नेऊन विद्युतरोध मोजता येतो. क्ष-किरण मांडणी सांगतात. रोध, प्रकाश आणि मॉसबाउअर वर्णपट इलेक्ट्रॉनांची बातमी आणतात. दोन्ही प्रकारचे पुरावे एकाच दाबाला, शक्यतो एकाच नमुन्यावर मिळाले, तरच निष्कर्ष पक्का धरावा. या पुस्तकात प्रत्येक उदाहरण याच कसोटीवर घासून घेतले आहे.

या विषयाचे भारतातले एक मोठे घर पनवेलहून फार लांब नाही. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात आर. चिदंबरम (१९३६–२०२५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च दाबाचे काम उभे केले. त्याची एक मुळी अणुकार्यक्रमात होती: स्फोटाच्या दाबाखाली धातूचे आकारमान किती घटते, हे कळल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. पण काम तिथे थांबले नाही. चिदंबरम यांनी उच्च दाबाच्या खुल्या संशोधनाला चालना दिली. हिऱ्यांच्या ऐरणी आणि नमुन्यावर वेगाने गोळा आदळवून क्षणिक दाब निर्माण करणाऱ्या गॅसगन देशातच बांधल्या गेल्या. पुढे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर दाबाखालच्या क्ष-किरण अभ्यासाची सोयही याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केली.

ट्रॉम्बेच्या कामातले झिर्कोनियमचे प्रकरण प्रत्येक विद्यार्थ्याने नीट वाचावे. हा धातू न्यूट्रॉन फार कमी शोषतो, म्हणून अणुभट्टीतल्या इंधनाची आवरणे आणि दाबनलिका त्याच्या मिश्रधातूंच्या असतात. नेहमीच्या स्थितीत त्याचे अणू षट्कोनी दाट मांडणीत असतात. जेमिसन यांनी १९६३ साली दाखवले की दाबाखाली टायटॅनियम आणि झिर्कोनियम वेगळीच मांडणी घेतात. तिला ओमेगा रूप म्हणतात. दाब काढून घेतला तरी हे रूप मागे राहू शकते. टायटॅनियमच्या मिश्रधातूंत तेच रूप उष्णप्रक्रियेत उगवते आणि धातू ठिसूळ करते, म्हणून अभियंत्यांनाही त्याची दखल घ्यावी लागते. एस. के. सिक्का, योगेश वोहरा आणि चिदंबरम यांनी १९८२ साली ‘प्रोग्रेस इन मटेरियल्स सायन्स’ मध्ये ओमेगा रूपाचा सविस्तर आढावा लिहिला, आणि त्या विषयावर काम करणाऱ्याला आजही त्याच्याकडे वळावे लागते.

या प्रकरणातली खरी गंमत कारणात आहे. दाब वाढला की झिर्कोनियमचे बाहेरचे एस-इलेक्ट्रॉन हळूहळू डी-पट्टात उतरतात. आवर्तसारणीत त्याच्या उजव्या हाताला नायोबियम आहे. त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त असतो आणि त्याची मांडणी अंतःकेंद्री घनाची असते. दाबाने डी-इलेक्ट्रॉन वाढत गेले की झिर्कोनियम नायोबियमच्या वाटेला लागतो. वोहरा अमेरिकेत गेल्यावर त्यांनी आणि कॉर्नेलच्या आर्थर रुऑफ यांच्या गटाने १९९० मध्ये दाखवले, की ३० गिगापास्कलच्या वर झिर्कोनियम खरोखरच अंतःकेंद्री घन होतो. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी पाहिले की या रूपात तो सुमारे ११ केल्विनला अतिवाहक होतो. नायोबियम ९.२ केल्विनला होतो. एका मूलद्रव्याने दाबाखाली शेजाऱ्याची मांडणी घेतली आणि त्याचा गुणही घेतला. इथे इलेक्ट्रॉन पुढे गेले आणि अणू त्यांच्या मागून.

ट्रॉम्बेच्याच केंद्रातल्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सोने आणि इंडियमच्या संयुगावर काम केले. त्यात मांडणी जशीच्या तशी असताना विद्युतरोध आणि औष्णिक विद्युतदाब यांत बदल दिसला. अणू जागचे हलले नव्हते. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापृष्ठाचा आकार बदलला होता. नुसते क्ष-किरण पाहणाऱ्याच्या नजरेतून असा बदल सुटून गेला असता. म्हणूनच दोन्हीकडे एकदम पाहण्याचा आग्रह.

हेमॅटाइटचे उदाहरण याच्या उलट टोकाला जाते. तेल अवीवच्या मोशे पास्टरनाक आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मॉसबाउअर वर्णपट आणि रोध यांच्या आधारे दाखवले, की ५० गिगापास्कलच्या आसपास हेमॅटाइटचे चुंबकत्व कोसळते आणि ते धातू होते. तिथेच स्फटिकाची मांडणीही बदलते आणि आकारमान जवळपास १० टक्क्यांनी घटते. मग वाद सुरू झाला: मांडणी बदलली म्हणून इलेक्ट्रॉन सुटले, की इलेक्ट्रॉन सुटले म्हणून मांडणी कोसळली? २०१८ मधल्या अधिक बारीक अभ्यासातून उत्तर पुढे आले. नव्या मांडणीत लोहाच्या जागा दोन प्रकारच्या होतात. एका प्रकारच्या जागेवरचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, दुसऱ्या प्रकारच्या जागेवरचे अजून आपल्या अणूलाच धरून असतात. एकाच स्फटिकात अर्धे लोह-अणू धातूसारखे आणि अर्धे विसंवाहकासारखे वागतात. मांडणीने दोन तऱ्हेच्या जागा तयार केल्या आणि इलेक्ट्रॉनांनी त्यांतली एक निवडली. वीस वर्षांचा वाद असा मिटत आला. ‘आधी कोण’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी ‘दोघे मिळून’ असेही असते.

इतर ऑक्साइडांची कथा थोडक्यात सांगतो. मँगनीज ऑक्साइड सुमारे १०५ गिगापास्कलला धातू होते आणि त्याचे चुंबकत्व त्याच वेळी ढासळते. ज्या निकेल ऑक्साइडपासून हा सगळा विचार सुरू झाला, ते मात्र फार चिवट निघाले. त्याला धातू करायला २४० गिगापास्कलच्या आसपास जावे लागले, आणि ते २०१२ साली साधले. ब्रिस्टलमधल्या प्रश्नानंतर तब्बल ७५ वर्षांनी.

प्रयोगशाळेतला दाब आपण माणसांनी निर्माण केला, पण निसर्ग तो अनादी काळापासून वापरत आला आहे आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या मातीत पडलेला आहे. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आकाशातून आलेल्या दगडाने थेट बेसॉल्टमध्ये खणले. तिथल्या खडकांत मॅस्केलिनाइट सापडते: आघाताच्या दाबाने फेल्स्पारची स्फटिकमांडणी मोडून झालेली काच. याहून मोलाचा पुरावा २२ मे २०१२ च्या दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात पडला. तो अशनी अवकाशात पूर्वी कधीतरी दुसऱ्या दगडावर आदळला होता, आणि त्या टकरीत वितळलेल्या भागाच्या बारीक शिरा त्यात राहिल्या होत्या. आयआयटी खरगपूरच्या सुजॉय घोष यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२१ साली या शिरांत लोह आणि ॲल्युमिनियम असलेले ब्रिजमनाइट सापडल्याचे प्रसिद्ध केले.

ब्रिजमनाइट हे पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेले खनिज, आणि ते आपल्या हाताला जवळजवळ कधीच लागत नाही. ६६० किलोमीटरखाली प्रावरणाचा बहुतांश भाग त्याचाच आहे, पण वर येता येता त्याचे रूप बदलते. २०१४ साली एका अशनीत ते नैसर्गिक रूपात ओळखले गेले, तेव्हा त्याला ब्रिजमन यांचे नाव मिळाले. काटोलचे ब्रिजमनाइट २३ ते २५ गिगापास्कलला तयार झाले असे अभ्यासातून दिसते, म्हणजे नेमके त्या ६६० किलोमीटरच्या उंबरठ्यावरच्या दाबाला. आणखी महत्त्वाचे म्हणजे त्यातल्या लोहापैकी सुमारे ०.६९ भाग तीन इलेक्ट्रॉन गमावलेला होता. शेजारच्या मेजराइट खनिजात हे प्रमाण ०.३७ भरले. प्रयोगशाळेने हे आधीच सुचवले होते. ब्रिजमनाइटच्या मांडणीत तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाला सोयीची जागा मिळते. ती भरण्यासाठी, बाहेरून ऑक्सिजन न मिळाला तरी, लोह आपापसांत देवाणघेवाण करते: दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तीन अणूंपैकी दोघे आणखी एकेक सोडतात, तिसरा ते दोन्ही घेऊन शुद्ध धातू होतो. मांडणीच्या एका रिकाम्या जागेसाठी इलेक्ट्रॉनांची वाटणी नव्याने होते, आणि त्यातून पृथ्वीच्या पोटात धातुरूप लोह निर्माण होऊ शकते. काटोलच्या त्या बारीक शिरांकडे मी या दृष्टीने पाहतो, आणि हा दगड आपल्या विदर्भात पडला याचा मनापासून आनंद होतो.

याहून खोल, ६० ते ७० गिगापास्कलच्या दाबाला, मॅग्नेशियम-लोह ऑक्साइडातले लोह जोड्या करून चुंबकत्व सोडते, हे २००३ साली जेम्स बाद्रो यांच्या गटाने क्ष-किरणांनी दाखवले. खनिजाची घनता, प्रकाश आणि उष्णता पुढे जाऊ देण्याची ताकद, भूकंपलहरींचा वेग हे सगळे त्यावर अवलंबून आहे. भूकंपमापकावर उमटलेली रेघ वाचताना आपण नकळत डी-इलेक्ट्रॉनांचा हिशोबही वाचत असतो.

शेवटचे उदाहरण अगदी ताजे आहे. २०२३ साली चीनमधील सुन यात-सेन विद्यापीठातल्या गटाने जाहीर केले, की लँथॅनम, निकेल आणि ऑक्सिजनच्या एका संयुगात १४ गिगापास्कलच्या वर अतिवाहकता दिसते, आणि ती ८० केल्विनच्या आसपास सुरू होते. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणून या आकड्याने सगळ्यांचे लक्ष वेधले. दाबाने तिथे काय केले? दोन थरांतल्या निकेलना जोडणारा ऑक्सिजन थोडा वाकडा बसला होता. तो कोन सुमारे १६८ अंशांवरून १८० वर आला. बंध सरळ झाला आणि इलेक्ट्रॉनांना थरांमधली वाट मोकळी झाली. हे कळल्यावर संशोधकांनी पुढचा प्रश्न विचारला: हीच स्थिती ऐरणीशिवाय आणता येईल का? या संयुगाचा पातळ थर, अणूंमधले अंतर जरा कमी असलेल्या आधारस्फटिकावर वाढवला, की थराला आडवे आकसावे लागते. अशा थरांत ४० केल्विनच्या आसपास, बाहेरून कोणताही दाब न देता, अतिवाहकतेची चिन्हे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली.

दाबाच्या अभ्यासाचे मोल इथे स्पष्ट दिसते. ऐरणीतला कण आपल्याला कुणाला विकायचा नाही, यंत्रात बसवायचा नाही. तो एक गोष्ट सांगतो: अमुक बंध सरळ झाला, अमुक अंतर इतके घटले, की हा गुण येतो. मग रसायनशास्त्रज्ञ तीच मांडणी नेहमीच्या दाबाला घडवायचा प्रयत्न करतो. यश दर वेळी येत नाही, पण कुठे शोधायचे ते कळलेले असते.

वाचकांना एक सावधगिरी सांगायला हवी. या विषयात दोन प्रयोगशाळांचे आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. झिर्कोनियमचे पहिले संक्रमण कुणाला २ गिगापास्कलला दिसले, कुणाला ७ ला. नमुन्यात मिसळलेला ऑक्सिजन, दाब सगळीकडून सारखा होता की एका बाजूने जास्त, दाब चढवताना मोजले की उतरवताना, यांमुळे आकडे सरकतात. अल्कोहोलचे मिश्रण १० गिगापास्कलच्या वर थिजते. त्यापुढे निऑन किंवा हेलियम लागतो. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या माध्यमात, कोणत्या मापाने घेतला ते आधी पाहावे. संगणकी गणितालाही हेच लागू आहे: इलेक्ट्रॉनांचे परस्परप्रतिकर्षण सौम्य धरणारी पद्धत निकेल ऑक्साइडला आजही चुकीने धातू ठरवू शकते.

हे पुस्तक बी.एस्सी. आणि एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मनापासून शिकवणाऱ्या शिक्षकांनाही पहिली काही प्रकरणे वापरता येतील. पनवेल, अलिबाग, महाड, चिपळूणच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना मराठीतून विचार करत या विषयाच्या कडेपर्यंत जाता यावे, ही यामागची इच्छा आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वाचकाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: इथे अणू कुठे गेले, आणि इलेक्ट्रॉन कुठे गेले? एकाचे उत्तर येत असेल आणि दुसऱ्याचे येत नसेल, तर ते प्रकरण पुन्हा वाचावे.

काम पुष्कळ शिल्लक आहे. निकेलच्या त्या संयुगात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या नेमक्या कशाने बांधल्या जातात, यावर अजून एकमत नाही. पृथ्वीच्या खोल भागात लोहाची कोणती अवस्था किती, याचा ताळेबंद पुरा झालेला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या ज्या मुलीला आज काळ्या कचेतला चुंबकीय कण पाहून ‘का?’ असा प्रश्न पडतो, तिला यातला एखादा प्रश्न सोडवता येईल इतका हा विषय मोकळा आहे. लागते ती स्थिर हाताची सवय, दोन्ही बाजूंचा पुरावा मागण्याची शिस्त आणि न कंटाळता मोजत राहण्याची तयारी. या तिन्ही गोष्टी शिकता येतात, आणि त्या शिकवण्यासाठीच ही पाने लिहिली आहेत.

पनवेल